पिग्मीच्या मशीनपासून घरटॅक्सच्या यादीपर्यंत : नागपूरच्या एका उद्योजक बाईंचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका बाईंनी वीसेक वर्षं सॉफ्टवेअर कंपनी चालवली, मग ती विकून जवळच्याच एका नगर परिषदेत मानधनावर काम घेतलं, आणि पहिल्याच वर्षी त्यांनी उभ्या केलेल्या घरटॅक्सच्या सिस्टिममधून शेकडो घरांना चुकीची बिलं गेली. ती बिलं कशी गेली, कुठे थांबवता आली असती आणि नंतर कशी निस्तरली, ते इथे सविस्तर लिहितोय. मी आधी त्यांच्या कंपनीत डेटाबेस बघायचो आणि नंतर नगर परिषदेतही त्यांच्यासोबत होतो, त्यामुळे बहुतेक गोष्टी डोळ्यांदेखत झालेल्या आहेत. माणसांची, गावाची, कंपन्यांची नावं गाळली आहेत. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मीही तेच लिहितो.

मॅडम नागपूरच्या महाल भागातल्या. व्हीआरसीई या इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकल्या, त्याला व्हीएनआयटी हे नाव २००२ मध्ये आलं, त्याच्या बऱ्याच आधी. बॅचमधले बहुतेक पुण्याला नाहीतर अमेरिकेला गेले कारण नागपुरात सॉफ्टवेअरची नोकरी म्हणजे काय हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प नव्हता, परसोडीचा आयटी पार्क नव्हता. मॅडम थांबल्या. सीताबर्डीत दोन खोल्या घेऊन त्यांनी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवायला सुरुवात केली आणि त्यांचं नाव झालं ते पिग्मीमुळे.

पिग्मीचं काम ज्यांनी पाहिलं असेल त्यांना माहीत आहे. एजंट रोज दुकानादुकानात जातो, पानठेल्यावर, सलूनमध्ये, भाजीवालीकडे, दहा-वीस-पन्नास रुपये घेतो, पावती देतो आणि संध्याकाळी पतसंस्थेत भरणा करतो. मॅडमच्या मशीनमधून पावती निघायची, संध्याकाळी मशीन जोडलं की सगळा भरणा खात्यांवर चढायचा आणि तेरीज, म्हणजे दिवसभराची बेरीज, जुळल्याशिवाय डे एन्ड (दिवसाचा हिशोब बंद) व्हायचा नाही. एखाद्याचे पन्नास रुपये दुसऱ्याच्या खात्यात गेले तर दुसऱ्या दिवशी तो पानठेलेवाला एजंटची कॉलर धरणार, म्हणजे चूक फार तर चोवीस तास जगायची. हे मुद्दाम एवढं सांगतोय कारण पुढचं सगळं प्रकरण याच गोष्टीभोवती फिरतं.

पुढे रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना कोअर बँकिंगवर, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच सिस्टिमवर, यायला लावलं, काम वाढलं, कंपनी परसोडीला गेली, आणि शेवटी बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने ती घेतली. मॅडमकडे थोडे शेअर राहिले.

सरकारी कामात का गेल्या? त्यांच्या बोलण्यात नंदन नीलेकणींचं नाव खूपदा यायचं. इन्फोसिससारखी कंपनी उभी केलेला माणूस २००९ मध्ये आधार देणाऱ्या यूआयडीएआयचा अध्यक्ष होतो, आणि पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं जातं, या गोष्टीचं त्यांना फार अप्रूप होतं. पण तेच नीलेकणी २०१४ ला दक्षिण बंगळुरूतून लोकसभेला उभे राहिले आणि मोठ्या फरकाने पडले, तेही त्या तितक्याच वेळा सांगायच्या. म्हणायच्या की काम करायला मिळणं आणि मत मिळणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

आत कोणत्या दाराने जायचं

२०२२ मध्ये त्यांच्यासमोर तीन रस्ते होते.

एका पक्षाचे लोक तिकिटाचं बोलून गेले होते. पण जिल्ह्यातल्या नगर परिषदांची मुदत तेव्हा नुकतीच संपली होती, ओबीसी आरक्षणाचा विषय सुप्रीम कोर्टात होता आणि निवडणूक कधी होईल कोणीच सांगू शकत नव्हतं. ती शेवटी झाली थेट डिसेंबर २०२५ मध्ये, म्हणजे त्या वाट बघत बसल्या असत्या तर तीन वर्षं गेलीच असती.

दुसरा रस्ता म्हणजे जुन्या कंपनीमार्फत टेंडर भरायचं आणि बाहेरून काम करायचं. पैशाच्या हिशोबाने हाच सगळ्यात सोपा.

तिसरा, नगर परिषदेत ११ महिन्यांच्या करारावर तांत्रिक सल्लागार म्हणून मानधनावर बसायचं. मुख्याधिकारी तरुण होते, नगरसेवकांची मुदत संपल्यामुळे त्यांच्या जागी कारभार बघणारे प्रशासकही तेच होते, आणि त्यांना घरटॅक्सचं काम मार्गी लावायचं होतं. मॅडमनी हा रस्ता घेतला.

इथे त्यांनी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात केली. मुख्याधिकाऱ्यांना लेखी दिलं की अमुक कंपनीत माझे शेअर आहेत, ती कंपनी इथल्या कोणत्याही टेंडरमध्ये उतरणार नाही, आणि ते पत्र आवक नंबर टाकून नस्तीला (सरकारी फाइलला) लावायला सांगितलं. कोणी मागितलं नव्हतं. नगरसेवकाचा ठेक्यात हितसंबंध निघाला तर कायद्याने त्याचं पद जातं, पण करारावरच्या सल्लागाराला तसं विचारणारं तिथे कोणी नव्हतं. पुढे वादळ उठलं तेव्हा लोकांनी सगळं काढलं, पण या एका बाबतीत कोणाला बोट ठेवायला जागा सापडली नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातला हा सर्वात शहाणा निर्णय, आणि असं पत्र सल्लागाराकडून नेमणुकीच्या वेळीच घ्यायला हवं, त्याच्या चांगुलपणावर सोडायला नको.

याची किंमतही होती. ज्या कंपनीला हे काम सर्वात चांगलं जमलं असतं तीच बाहेर राहिली, आणि सर्वात कमी दराच्या नियमाने जी एजन्सी आली तिला ड्रोनने मोजणी करता यायची पण कराच्या नोंदवहीचा अनुभव जवळपास नव्हता.

अडचण

नगर परिषदेच्या कायद्याप्रमाणे दर चार वर्षांनी फेर आकारणी व्हायला पाहिजे, तिला सगळे चतुर्थ वार्षिक म्हणतात. इथे ती रखडली होती. मागणी नोंदवही, म्हणजे कोणाकडून किती कर यायचा त्याची वही, अर्धी हाताने लिहिलेली आणि अर्धी कधीतरी कॉम्प्युटरवर चढवलेली, तीही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. असा डेटा युनिकोडमध्ये आणला की रफार एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, जोडाक्षरं तुटलेली. त्यात आपल्याकडची नावं. एकाच वॉर्डात तीन-तीन मेश्राम, त्यातल्या दोघांच्या वडिलांचं नाव एकच, कुठे वासनिक तर कुठे वासनीक. अर्ध्या घरांवर अजून आजोबांचं नाव, कारण वारसांनी नाव चढवलंच नाही. कोणाकडे आखीव पत्रिका (मालमत्तेचा सरकारी उतारा) आहे, कोणाकडे सरकारी जागेचा नुसता पट्टा, कोणाचं घर गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडलेल्या, लेआउटमध्ये, आणि काहींकडे टॅक्स पावती सोडून दुसरा कागदच नाही.

वरून दबाव होता. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली होती की मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने वाढवत राहा. लहान नगर परिषदेला ते अनुदान गेलं तर नाल्यांची कामं थांबतात, हे नुसतं कागदावरचं भय नव्हतं.

एजन्सीने घरं मोजली, फोटो काढले, भिंतीवर नंबर टाकले. आता नवीन मोजणीतलं घर जुन्या नोंदवहीतल्या कोणत्या खात्याला जोडायचं हा खरा प्रश्न होता, कारण जुनी थकबाकी त्या खात्यावर होती. एजन्सीने नाव, वडिलांचं नाव आणि वॉर्ड यावरून सॉफ्टवेअरने जोड्या लावल्या. आम्ही काही जोड्या उघडून बघितल्या, पण त्या सुटसुटीत लेआउटमधल्या होत्या जिथे नोंदी मुळातच स्वच्छ होत्या, गावठाणातल्या कमी.

निर्णयाची वेळ : मार्च २०२३

मार्चच्या मध्यावर जी मीटिंग झाली ती या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची. प्रश्न एवढाच होता की १ एप्रिलपासून बिलं नव्या सिस्टिममधून काढायची की अजून एक वर्ष जुन्या नोंदवहीवरून काढायची आणि नवी यादी सोबत चालवून बघायची.

मॅडमनी आयुष्यभर बँकांना दुसराच मार्ग शिकवला होता. कुठलीही पतसंस्था नव्या सॉफ्टवेअरवर येताना त्या महिनाभर जुनं आणि नवं दोन्ही चालवायला लावायच्या, रोजची तेरीज दोन्हीकडे जुळली पाहिजे, तोवर जुनी खतावणी (खात्यांची वही) बंद करायची नाही. मग इथे का नाही? कारण टॅक्सचं चक्र वर्षाचं आहे. पतसंस्थेत महिनाभर सोबत चालवलं की तीसेक डे एन्ड मिळतात, इथे एक मिळायला बारा महिने लागतात, आणि त्यांचा करार ११ महिन्यांचा. तो संपत आला होता, वाढेल की नाही नक्की नव्हतं, मुख्याधिकाऱ्यांची बदली होईल अशी चर्चा होती, आणि एजन्सीचं शेवटचं बिल सिस्टिम चालू झाल्यावरच निघणार होतं त्यामुळे त्यांनाही घाई. जमलेल्या प्रत्येकाला एप्रिलमध्येच सुरू करण्यात काहीतरी फायदा होता आणि थांबण्यात कोणालाच नव्हता.

फक्त एका माणसाने थांबा म्हटलं. कर विभागातले जुने बाबू, निवृत्तीला थोडाच काळ उरलेला, गावठाणातलं प्रत्येक घर माहीत असलेले. ते म्हणाले, "मॅडम, यादी एकदा घरोघरी फिरवून आणू, मग काढू बिलं, लोकं सांगतीलच ना जी कोणतं घर कोणाचं." त्यासाठी माणसं लागणार होती आणि दोन-तीन महिने. मुख्याधिकारी म्हणाले आक्षेप मागवूच की, ज्याचं चुकलं असेल तो येईल. मॅडमनी एप्रिलचं सुरू करायचं ठरवलं.

नगरसेवक असते तर काय झालं असतं याचा मी बराच विचार केलाय. एरवी हा विषय सभेत गेला असता, आरडाओरडा झाला असता, कोणीतरी म्हटलं असतं माझ्या वॉर्डात आधी यादी दाखवा. प्रशासकाच्या काळात एका टिप्पणीवर एका सहीत झालं. तेव्हा आम्हाला सगळ्यांना ते फार सोयीचं वाटलं होतं.

काय झालं

जूनमध्ये लोक यायला लागले. आधी आलेले नेहमीचे, टॅक्स वाढला म्हणून तक्रार करणारे, त्यामुळे पहिले काही दिवस खरी गडबड लक्षातच आली नाही. मग गावठाणातल्या एक विधवा बाई आल्या. दोन खोल्यांचं घर, दरवर्षी मार्चच्या आत टॅक्स भरणाऱ्या, सगळ्या पावत्या पिशवीत घालून आणलेल्या, आणि त्यांच्या बिलावर कित्येक वर्षांची थकबाकी आणि त्यावर शास्ती. शास्ती म्हणजे थकबाकीवरचा दंड, दरमहा २ टक्के. चार हजारांच्या थकबाकीवर महिन्याला ८० रुपये, वर्षाला ९६०. या बाईंचं पेन्शन किती असेल याचा विचार करा.

त्यांचं बिल बाबूंनी हातात घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. रोजगार हमी कर. हा कर राहत्या घराला लागतच नाही, दुकानाला, गोदामाला लागतो. शिक्षण कर घराला असतो, रोजगार हमीचा म्हणजे रोहयोचा नसतो. म्हणजे या बाईंच्या घराला कोणत्यातरी दुकानाचं खातं जोडलं गेलं होतं. त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या आणि बाजारातल्या एका दुकानदाराच्या नावात सारखेपणा होता, झालं.

त्या एका ओळीमुळे आम्हाला शोधायला धागा मिळाला. मी त्याच संध्याकाळी सगळी अशी खाती काढली जिथे वापर निवासी आहे पण रोहयो कर लागलाय, मग उलटी, दुकान आहे पण रोहयो कर नाही. यादी लांबलचक निघाली. आणि हे फक्त दुकान आणि घर यांच्यातल्या अदलाबदलीचं होतं, घराघरातल्या अदलाबदलीला अशी कोणतीच खूण नव्हती, त्या दोन मेश्रामांची बिलं एकमेकांना गेली असतील तर ते कॉम्प्युटरला कळणं शक्यच नव्हतं.

पुढचे पर्याय

जुलैमध्ये परत तीन रस्ते समोर होते.

एजन्सीचं म्हणणं, जोडी लावायचा नियम सुधारू आणि परत चालवू. मॅडमनी हे लगेच नाकारलं, कारण ज्या माहितीवरून पहिल्यांदा चुकलं तीच माहिती घेऊन दुसऱ्यांदा बरोबर कसं येणार.

सगळी बिलं रद्द करून जुन्या नोंदवहीवर परत जायचं, हा दुसरा. यात सगळ्यांनाच, ज्यांची बिलं बरोबर होती त्यांनाही, परत बिल द्यावं लागलं असतं. काढलेली मागणी सरसकट मागे घेतली तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल ही भीती लेखा विभागाला होती आणि ती खोटी नव्हती.

तिसरा, जो बाबूंनी मार्चमध्येच सांगितला होता. घरोघरी जायचं.

मॅडमनी तो घेतला, आणि मग त्यांनी पिग्मीची अख्खी पद्धत इथे आणली. करसंग्राहकांना वॉर्ड वाटून दिले, प्रत्येकाकडे छापील यादी, घराचा फोटो, जुन्या आणि नव्या खात्याचा नंबर. घरमालकाकडून जुनी पावती बघायची, यादीवर बरोबर की चूक लिहायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि घरमालकाच्या हातात त्याच वेळी एक पोच द्यायची की तुमची नोंद अशी झाली आहे. संध्याकाळी सगळ्या याद्या ऑफिसात, बाबू बसून बघणार, आम्ही चढवणार, आणि त्या दिवसाची बेरीज जुळल्याशिवाय दुसऱ्या दिवशीची यादी छापायची नाही. बाबूंना त्याआधी पावती फाडायच्या खिडकीवर बसवलं होतं, तिथून उठवून त्यांना या कामाचं प्रमुख केलं. करसंग्राहक पहिले काही दिवस नाराज होते कारण शिव्या त्यांनाच खाव्या लागत होत्या, पण पोच द्यायला सुरुवात झाल्यावर लोकांचा सूर बदलला, चहासुद्धा मिळायला लागला.

शास्तीचा प्रश्न अवघड होता. शास्ती माफ करणं तेव्हा नगर परिषदेच्या एकटीच्या हातात नव्हतं. मॅडमनी आणि लेखापालांनी मिळून टिप्पणी तयार केली की आम्ही कोणाला माफी देत नाही, चुकीच्या खात्यावर लागलेली मागणी तिच्या खऱ्या खात्यावर नेतोय, आणि ज्याच्यावर मागणीच नव्हती त्याच्यावर शास्ती येऊ शकत नाही. प्रत्येक प्रकरणाची छोटी सुनावणी, सहीची यादी आणि जुन्या पावतीची झेरॉक्स नस्तीला. काम वाढलं पण लेखापरीक्षणात ते टिकलं. मॅडमनी हे काम वकिलावर सोडलं नाही, महिनाभर स्वतः लेखा विभागात बसून शिकून घेतलं.

शेवट काय झाला

करार दोनदा वाढला. घरोघरचं काम जानेवारी २०२४ पर्यंत बहुतेक उरकलं, आणि ते उरकणं भागच होतं कारण लोकसभेची निवडणूक समोर होती, आपल्याकडे १९ एप्रिलला मतदान झालं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून कर विभागाचे लोक निवडणुकीच्या कामाला जुंपले जातात. अजून दोन महिने उशीर झाला असता तर सगळं अर्धवट पडलं असतं.

त्या वर्षीची वसुली आदल्या वर्षीपेक्षा कमी झाली, लपवण्यासारखं काही नाही, लोकांनी बिल बरोबर होईपर्यंत पैसे थांबवले होते आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पुढच्या वर्षी ती सुधारली, आणि त्यात अशी बरीच घरं होती जी आधी कोणत्याच नोंदवहीत नव्हती. मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली. नवीन साहेबांनी करार वाढवला नाही, भांडण काही नव्हतं, त्यांना त्या पदाची गरज वाटली नाही. बाबूही निवृत्त झाले.

वेगळं काय करता आलं असतं

एका वॉर्डापासून सुरुवात करायला हवी होती, हे तर आहेच, आणि तो वॉर्ड गावठाणातला पाहिजे होता, जिथे नोंदी सर्वात वाईट आहेत तिथला. सोपा वॉर्ड तपासून पुढे जाणं म्हणजे काहीच न तपासणं.

आक्षेप मागवू, ज्याचं चुकलं तो येईल, या वाक्यावर मार्चच्या मीटिंगमध्ये कोणीतरी अडायला पाहिजे होतं. पतसंस्थेत ते चालतं कारण खातेदार रोज भेटतो. टॅक्सच्या बाबतीत माणूस वर्षातून एकदा खिडकीवर येतो, आणि ज्याला मजुरी बुडवून यावं लागतं तो येतच नाही, शास्ती वाढत राहते. कंपनीला आपला ग्राहक निवडता येतो, नगर परिषदेला येत नाही, तिच्या यादीत वाचता न येणारी म्हातारीसुद्धा आहे आणि तिच्या घराला जप्तीची नोटीस निघू शकते. हे मॅडमना माहीत नव्हतं असं नाही, पण पहिल्या वर्षी त्यांना वाटत होतं की सरकारी कामाला मोठी सिस्टिम लागते आणि पिग्मी ही छोट्या दुकानांची गोष्ट आहे. मला उलट वाटतं, की त्यांच्याकडे द्यायला सर्वात मोलाचं जे होतं ते तेच होतं आणि ते त्यांनी वर्षभर बॅगेतच ठेवलं.

कराराची मुदत हा मुद्दा मात्र मॅडमच्या हातातला नव्हता. वर्षाचं चक्र असलेल्या कामावर ११ महिन्यांचा माणूस नेमला तर तो स्वतःच्या निर्णयाचा परिणाम बघायच्या आत बाहेर जाणार, आणि चांगल्यातला चांगला माणूसही मग घाई करणार. असं पद भरायचं तर निदान दोन मार्च एन्ड आणि मधलं एक वर्ष त्याला मिळालं पाहिजे. एजन्सीच्या टेंडरमध्येही शेवटचा हप्ता सिस्टिम चालू झाली म्हणून देण्यापेक्षा एक वर्षाची बिलं बरोबर गेली, आक्षेप निकाली निघाले, मग द्यावा. आणि नगरसेवक नसताना असं काम करायचंच असेल तर प्रभागात यादी वाचून दाखवायची सभा घ्यायला कायदा अडवत नाही.

नागपुरात आता मिहानमध्ये, परसोडीत काम करून पैसा आणि अनुभव गाठीला बांधलेले कितीतरी लोक आहेत ज्यांना आपल्या गावासाठी काही करावंसं वाटतं, आणि ते मॅडमना फोन करतात. त्या कोणालाच नको म्हणत नाहीत. पहिले काही महिने काहीही बनवू नका, वसुलीच्या माणसासोबत वॉर्डात फिरा आणि लेखापालाच्या शेजारी बसा, एवढं सांगतात. २०२५ च्या निवडणुकीत त्यांना परत विचारणा झाली होती, त्यांनी नाही म्हटलं. वारसांची नावं चढवायची काही प्रकरणं अजून सुनावणीत अडकली आहेत, भावाभावांचे वाद आहेत, ते सॉफ्टवेअरने सुटणारे नाहीत. त्या विधवा बाईंचं खातं दुरुस्त झालं, शास्ती शून्य झाली, आणि नवऱ्याच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव लागलं.